गाडगीळ, माधव धनंजय
भारतीय परिसंस्थाशास्त्रज्ञ आणि पश्चिम घाटाचे अभ्यासक (पहा: सह्याद्री). जन्म पुणे, २४ मे १९४२. वडील अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. हार्वर्डची पीएच.डी.; १९७३ ते २००४ बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत. उत्तर कन्नडमधील बांबूबेटांच्या बुडाचे काटेरी कुंपण वनखाते साफ करवी. त्यामुळे कोवळे कोंब गुरांच्या तोंडी लागतात, हे त्यांच्या अभ्यासातून दिसले. पश्चिम घाट तज्ज्ञगटाचे ते अध्यक्ष (अहवाल २०११). गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये मिळालेल्या सामूहिक वनहक्काचा त्यांनी लेखनातून पुरस्कार केला. २०११ मध्ये तेथील बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले (पहा: वनहक्क कायदा, २००६). गडचिरोलीचे जंगल घाटाबाहेरचे, पण निर्णय ग्रामसभेचा हे सूत्र मेंढ्यात आणि त्यांच्या घाट अहवालात तेच. पद्मभूषण २००६, टायलर पुरस्कार २०१५.