मुन्शीजींनी टाकलेला शब्द

पोंभुर्ण्यात आहेस तिथंच उभी राहा आणि मागे जा. पाय हलवायचे नाहीत. आधी तहसील कचेरी दिसेनाशी होईल, मग डांबरी रस्ता, मग विजेचे खांब. धानाच्या बांध्या राहतील, बोडी राहील, मोहाची झाडं राहतील. जंगल मात्र पुढं सरकत घराच्या कुडापाशी येईल, आणि दिवस मावळल्यावर वाघाच्या भीतीनं कुणी अंगणातही थांबणार नाही. 1854 ओलांडताना राज्य बदलेल. इंग्रज जातील, नागपूरकर भोसले येतील. 1840 ला थांब.

तू चौदा वर्षांची आहेस असं मी धरून चालतो. आईबाप मिरची तोडायला तेलंगणात गेलेत, घरी म्हातारी आजी, आणि शाळेत जानेवारीपासून निम्मे बाक रिकामे. संध्याकाळी बोलायला माणूस एकच, शेजारचे चाचा. हे सगळं मी तुझ्यावर लादतोय खरं, पण झाडीपट्टीत अशी घरं शोधायला फार लांब जावं लागत नाही. ते चाचा तुझे कोण, असं कुणी विचारलं तर तुला नीट सांगता येत नाही. नातं नाही, जात नाही, धर्म नाही. मग कोण? या प्रश्नासाठीच तुला एवढ्या मागं आणलंय.

इथं 1840 मध्ये तुला शाळा मिळायची नाही. मध्य प्रांत 1861 चा, सरकारी शाळाखातं त्याच्याही नंतरचं. म्हणून पश्चिमेला चल. चांदा, मग वर्धा नदी, मग निजामाचा वऱ्हाड, मग मराठवाडा, मग नगर. सातशेहून अधिक किलोमीटर. प्रवाशांची आगगाडी नाही, देशात कुठंच नाही. हा प्रवास मी एका ओळीत उरकतो. वाटेत धूळ आणि बैलगाड्या याखेरीज तुला फारसं काही दाखवता येणार नाही.

पुणं. दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई जाऊन बावीस वर्षं झालीत. तुमचा चांद्याचा किल्ला इंग्रजांनी जिंकला तो त्याच 1818 साली, हेही ध्यानात ठेव. शनिवारवाडा 1828 च्या आगीत जळाला, आता उरलेत तट आणि चौथरे. त्या भव्यपणात तू रमू नकोस. आपल्याला माळ्यांच्या वस्तीकडं जायचंय. तुला इथं कोणी पाहू शकत नाही, ते बरंच आहे. 1840 च्या पुण्यात एकटी फिरणारी मुलगी ही गोष्ट पेठेनं सहज घेतली नसती.

तो बघ, बागेत. वाफ्यात पाणी सोडतोय तो. तेरा वर्षांचा. नाव जोती, गोविंदराव फुल्यांचा धाकटा. घराणं मूळचं साताऱ्याकडल्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुलं पुरवता पुरवता ते फुले झालं. आई चिमणाबाई गेली तेव्हा हा वर्षाचाही नव्हता. सगुणाबाई नावाच्या नात्यातल्या बाईनं वाढवला. मराठी शाळेत गेला, हुशार निघाला, आणि तिथंच माशी शिंकली. दुकानातल्या कारकुनानं गोविंदरावांच्या मनात भरवलं की शिकून पोरगं वाया जाईल, ना शेताचं राहील ना दुकानाचं. बापानं नाव काढलं. गोविंदरावांना दुष्ट समजू नकोस. ज्याच्या घरात कुणी शिकलं नाही, त्याला लिहिता-वाचता येणाऱ्याचा शब्द खोटा कसा वाटावा?

याच वर्षी जोतीचं लग्न लागलंय. नवरी नायगावची, नऊ वर्षांची, सावित्री. तिला अक्षरओळख नाही.

आता रात्र होऊ दे. दिवसभर बागेत राबलेला पोरगा दिव्याशी पुस्तक धरून बसलाय. रॉकेल अजून आलेलं नाही. तेलातली वात, तिचा धूर, आणि वाऱ्यानं ज्योत हलली की ओळ हरवते. परीक्षा नाही, मास्तर नाही, शाबासकी नाही. कशासाठी वाचतोय हे विचारणाराही घरात कुणी नाही. एकटेपणा तुझा वेगळा असेल, पण हा तुला ओळखू येईल.

हे वाचणं शेजाऱ्यांच्या नजरेस पडलं. त्यातले एक गफ्फार बेग मुन्शी, उर्दू-फारसीचे शिक्षक. त्यांचं चित्र नाही, तेव्हा दाढी पांढरी होती की मेंदी लावलेली, ते तुझं तू ठरव. त्यांचा काळ मात्र मी तुला सांगू शकतो. पेशव्यांच्या दरबारात फारसी पत्रव्यवहारासाठी पारसनीस असत. तो दरबारच बुडाला. 1837 मध्ये कंपनी सरकारनं फारसीला कचेऱ्यांतून काढायचा कायदा केला, बंगालकडं अंमलही सुरू झाला. ज्या भाषेवर पोट, तिची किंमत डोळ्यांदेखत उतरत होती. अशा माणसाला विद्येची चाड जरा जास्तच कळत असावी. दुसरे शेजारी लिजिट नावाचे ख्रिस्ती गृहस्थ. कंपनीचे गोरे अधिकारी हिंदुस्तानी शिकायला मुन्शी ठेवत, तेव्हा मुन्शी आणि साहेब एकमेकांना ओळखत होते याचं नवल नको.

मुन्शीजी पोराशी बोलत बसले, आणि त्याची समज पाहून चकित झाले. चरित्रकार एवढंच सांगतात. किती संध्याकाळी, कोणत्या पायरीवर, काय बोलणं झालं, हे मीही रंगवणार नाही. तू ओट्याच्या कडेला बस आणि दोघांचे चेहरे बघ. वयानं मोठा माणूस लहान्याचं ऐकून घेतोय, मध्येच तोडत नाही, एवढं दिसलं तरी पुरे.

पण खरी गोष्ट त्या ओट्यावर घडली नाही. ती गोविंदरावांसमोर घडली. गफ्फार बेग आणि लिजिट दोघंही त्यांच्याशी बोलले: पोरगं हुशार आहे, पुन्हा शाळेत घाला. मुन्शीजींनी जोतीला काय शिकवलं याची चर्चा करणाऱ्यांचं मला कधी पटलं नाही. शिकवणारे त्याला पुढं पुष्कळ भेटले. बापापुढं शब्द टाकणारं माणूस घरात नव्हतं. पोरानं स्वतः म्हटलं असतं तर तो हट्ट ठरला असता. जातीतल्या वडीलधाऱ्यानं म्हणावं तर त्याला जातभाई काय म्हणतील ही धास्ती. मुन्शीजींना त्या पंगतीत बसायचंच नव्हतं, म्हणून त्यांना बोलता आलं, असं मला वाटतं. नातं नसण्याचा हा उपयोग.

1841. स्कॉटिश मिशनच्या शाळेत चौदा वर्षांचा विद्यार्थी नव्यानं दाखल होतो. इथं त्याला सदाशिव बल्लाळ गोवंडे भेटेल, जन्माचा मित्र. 1847 मध्ये इंग्रजी शिक्षण पुरं होईल. 1848 मध्ये बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघेल आणि तिथं शिकवायला उभी राहील ती सावित्री. तिच्यासाठी कुणा शेजाऱ्यानं बापाकडं शब्द टाकला नव्हता. तिला नवऱ्यानंच शिकवलं.

1849 ला क्षणभर थांब. त्याच गोविंदरावांनी, लोकांच्या दबावाखाली, मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढलंय. एकदा मन वळलं म्हणजे कायमचं वळलं, असं होत नाही. दोघं गंज पेठेत उस्मान शेख यांच्या घरी आसऱ्याला आलीत. उस्मानभाईंच्या घरातली फातिमा सावित्रीबाईंबरोबर शिकवू लागेल. पुढं जोतीराव आपल्या लेखनात लहानपणच्या मुसलमान खेळगड्यांचे उपकार आठवतील, आणि पैगंबरांवर ‘मानव महंमद’ हा अखंडही रचतील. हे सगळं मुन्शीजींमुळं झालं, असा धागा काढायचा मोह मला होतो. तो आवरतो. त्या पेठांत हिंदू-मुसलमानांच्या भिंती एकमेकींना लागून होत्या, एवढं कारणही पुरेसं आहे.

शेवटचा मुक्काम ऑक्टोबर 1882. विल्यम हंटर यांच्या शिक्षण आयोगापुढं जोतीरावांचं लेखी निवेदन आहे. वाकून वाच. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, अशी मागणी आहे. गरिबांची मुलं शाळेत का टिकत नाहीत, याचं कारणही आहे: दारिद्र्य, आणि घरच्यांना ती गुरं राखायला, शेत सांभाळायला लागतात. नुसत्या शाळा काढून भागणार नाही, या मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं द्या, असंही पुढं आहे. मिरचीच्या हंगामात रिकामे होणारे तुझ्या वर्गातले बाक इथं, पुण्यात, तुझ्या जन्माच्या सव्वाशे वर्षांहून आधी मोजले गेलेत.

बागेत वाफ्यात पाणी सोडणारा मुलगा त्या निवेदनात कुठं नाही. शेजारचे मुन्शीही नाहीत. नावापुढं ओळख दिलीय ती अशी: व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद, पेठ जुना गंज.