नामदेवांची तुपाची वाटी आणि कुत्र्याचं पोट

संत नामदेवांची गोष्ट आपण सगळ्याच जणींनी लहानपणी ऐकली आहे. कुत्र्यानं भाकरी पळवली, तर कोरडी भाकरी त्याच्या घशाखाली कशी उतरेल म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले. मुक्या जीवातही देव पाहावा, हे आपण त्यातून शिकलो.

पण माया करताना माप सुटतं. आखाडात, जत्रेला घरात मटण शिजलं की चरबीचे तुकडे आणि रश्श्यावरची तर्री कुत्र्यापुढं जाते. दिवाळीला तळणीचा गाळ जातो. दुसऱ्या दिवशी शेळ्या राखणारा कुत्रा ओकत पडतो. मग कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं विष घातलं, आणि शेजारणीशी उगाच भांडण होतं. खरं कारण बऱ्याचदा आपल्याच ताटातलं असतं. ते माणसाला कसं कळलं, त्याचा इतिहास आज आम्ही सांगणार आहोत.

जठराच्या मागं स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. आपल्याला असते तशी कुत्र्यालाही असते. तिच्यातून पाचक रस आतड्यात उतरतो. १६६४ साली नेदरलँड्समधल्या लायडन गावी रेनियर द ग्राफ या तरुण वैद्यानं जिवंत कुत्र्याच्या पोटात पिसाची पोकळ नळी घालून हा रस गोळा केला. पण तो नेमकं काय करतो, हे कळायला पुढं जवळजवळ २०० वर्षं गेली.

ते दाखवलं पॅरिसच्या क्लोद बर्नार यांनी. तेलातुपाचे बारीक कण करून ते पचवण्याचं मोठं काम हाच रस करतो, हे त्यांनी प्रयोगांतून सिद्ध केलं. १८५६ साली त्यांनी यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. एका प्रयोगात त्यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या नळीत पित्त आणि ऑलिव्हचं तेल सोडलं, तेव्हा ती ग्रंथी सुजून बिघडली.

या कामामागं एक बाईही आहे. बर्नार यांचं संशोधन बऱ्याच अंशी चाललं ते त्यांच्या पत्नीनं आणलेल्या हुंड्यावर. तिला मात्र जनावरांचे हे हाल पाहवेनात. शेवटी ती नवऱ्यापासून वेगळी झाली आणि तिनं व मुलींनी भटक्या कुत्र्यामांजरांना आसरा दिला. इतिहासात नाव नवऱ्याचं मोठं झालं, पण हिची कणवही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पुढं १८८९ साली स्ट्रासबुर्ग शहरात मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांच्यात प्रश्न निघाला तो स्निग्ध पदार्थ पचण्याचाच. स्वादुपिंड नसेल तर काय होतं, हे पाहायला त्यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं. तो सारखी लघवी करू लागला. तपासलं, तर लघवीत साखर! मधुमेहाचं मूळ असं सापडलं. मग १९२१ साली कॅनडातल्या टोरांटो शहरात बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून इन्शुलिन मिळवलं. जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा एका १४ वर्षांच्या मुलाला टोचलं. आज आपल्या गटांतल्या कितीतरी जणी इन्शुलिन घेतात. त्यांच्या जगण्यात त्या कुत्र्यांचा वाटा आहे. म्हणजे आपण त्यांचे ऋणी आहोत.

ते ऋण फेडायची सुरुवात घरच्या कुत्र्यापासून करू या. एकदम खूप चरबी पोटात गेली की काही कुत्र्यांचं स्वादुपिंड सुजतं. अन्न पचवायचा रस मग त्या ग्रंथीलाच आतून जाळू लागतो. कुत्रा पुन्हा पुन्हा ओकतो, खात नाही, मलूल होतो, पोटाला हात लावू देत नाही. कधी पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर करून उभा राहतो. हे दुखण्याचं लक्षण आहे. अशा वेळी घरी थांबू नका, लगेच जनावरांच्या दवाखान्यात न्या. तिथं सलाईन, उलटी थांबवायचं आणि वेदनेचं औषध मिळतं. उशीर जिवावर बेतू शकतो.

नुसतं जास्त खाल्लं असेल आणि कुत्रा हिंडताफिरता असेल, तर उरलेलं उचलून ठेवा. मोठ्या कुत्र्याला अर्धा दिवस खायला देऊ नका, पिल्लाला मात्र उपाशी ठेवू नका. पाणी थोडं थोडं, पण वरचेवर द्या. मग दोन-तीन दिवस मऊ भात आणि बिनकातडीचं उकडलेलं चिकन, तेल-मीठ-मसाला न घालता, थोडं थोडं द्या. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. तेल किंवा दूध पाजू नका. माणसाची दुखण्याची गोळी तर मुळीच नको, ती कुत्र्याला विषासारखी बाधू शकते.

या आखाडात चरबी, तर्री आणि शिजलेली हाडं वेगळी काढून कुत्रा उकरणार नाही अशा खोल खड्ड्यात पुरा, आणि पाव्हण्यांनाही तसं सांगा. कुत्र्याला त्याची भाकरी द्या. तुपाची वाटी नसली तरी चालेल, माया तेवढीच पोचते.