गोगलगाय, असूड आणि बघ्यांची गर्दी

२०१२ च्या मे महिन्यात जाफराबादच्या बसस्थानकाजवळील एका हॉटेलात आमच्या वस्तीतील पोरांनी माझ्यापुढे एक निवेदन ठेवले. ‘सर, सही करा. बाबासाहेबांचा अपमान झालाय.’ मी सही केली. निवेदनाला जोडलेल्या व्यंगचित्राची झेरॉक्स नीट पाहिली ती चहा संपल्यावर. आयुष्यभर मुलांना ‘आधी पुरावा, मग निष्कर्ष’ असे शिकविणाऱ्या इतिहासाच्या मास्तराने हे करावे! ती टोचण अद्याप गेलेली नाही.

चित्र शंकर यांचे, १९४९ सालचे. संविधान नावाची गोगलगाय. तिच्यावर बाबासाहेब बसलेले, मागे नेहरू असूड उगारून उभे, आणि पलीकडे बघ्यांची गर्दी. एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात ते २००६ साली आले. ११ मे २०१२ रोजी संसदेत त्यावरून गदारोळ झाला. मंत्री कपिल सिब्बल यांनी क्षमा मागितली. सल्लागार सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. दुसऱ्याच दिवशी पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली. पुढे सुखदेव थोरात समितीने हे चित्र वगळावे असे सुचविले, समितीतील एम. एस. एस. पांडियन यांनी मात्र भिन्न मत नोंदविले.

चित्राची बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे असे की, चाबूक बाबासाहेबांच्याही हातात आहे आणि दोघेही हाकीत आहेत ते गोगलगायीला. कागदावर पाहिले तर हे खरे आहे. परंतु चित्र केवळ कागदावर उमटत नाही, ते पाहणाऱ्याच्या स्मरणात उमटते. शंकर यांचे साप्ताहिक इंग्रजी होते. त्याच्या वाचकाच्या पाठीवर कधी कोरडा पडलेला नव्हता. आमचे जाफराबाद त्याआधी जेमतेम वर्षभर निजामाच्या राजवटीतून सुटलेले. वेठबिगारीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला ब्राह्मण पंतप्रधानाच्या हातातला असूड कोणाच्या पाठीच्या दिशेने दिसणार? चित्रातील रेषा त्याच राहिल्या, प्रेक्षक बदलला, आणि त्याबरोबर विधानही बदलले. असूड या वस्तूचेही तसेच. महात्मा फुल्यांनी १८८३ साली तो ‘शेतकऱ्याचा असूड’ म्हणून शब्दांत उचलला, तेव्हा मूठ दुसऱ्याच हातात होती.

अपमान झाला की नाही, या एकाच वादात आपण अडकलो. माझा आक्षेप वेगळा आहे. व्यंगचित्र पुरावे देत नाही. ते कारण मांडते, आणि आपण हसलो की ते कारण आपल्याला न कळत पटलेले असते. उशीर झाला आणि स्वार हा आहे, एवढेच दाखविले की दोष स्वाराचा ठरतो. ओझे कोठे आहे? ते चित्रकाराने काढलेच नाही.

ते ओझे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सभागृहापुढे मांडले. घटना समितीला २ वर्षे, ११ महिने, १७ दिवस लागले. या संविधानात ३९५ कलमे. अमेरिकेच्या मूळ घटनेत अवघी ७. दाखल झालेल्या दुरुस्त्या ७,६३५, प्रत्यक्ष मांडल्या गेलेल्या २,४७३. ऑस्ट्रेलियाला तर ९ वर्षे लागली होती. थट्टेला त्यांनी आकड्यांनी उत्तर दिले. नझिरुद्दीन अहमद यांनी मसुदा समितीला भरकटणारी समिती असे नवे नाव दिले होते, तेही बाबासाहेबांनी झिडकारले नाही. चांगल्याचा शोध घेणे म्हणजे भरकटणे नव्हे, असे सांगून तो टोमणा त्यांनी गौरव म्हणून स्वीकारला. दोष दिसताच दुरुस्त्या मागे घेऊन अधिक चांगल्या आणण्याचे धैर्य समितीने दाखविले, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. प्रतिपक्षाचे शस्त्र काढून घेण्याची ही रीत आपल्या निवेदनात कोठे होती? मोडलेल्या खुर्च्यांत तर नव्हतीच नव्हती.

ही रीत त्यांनी त्या दिवशी कमावली नव्हती. ३१ जानेवारी १९२० च्या ‘मूकनायक’च्या पहिल्या अग्रलेखात हिंदू समाज हा शिडी नसलेला, मजल्यांचा मनोरा आहे, असे रूपक त्यांनी योजले. व्यंगचित्रकाराचेच काम हे, पण रेषेविना केलेले. फरक एवढाच की, या चित्रात ओझे दिसते. खालच्या मजल्यावरचा लायक असला तरी वर जाऊ शकत नाही, वरचा नालायक असला तरी खाली येत नाही. म्हणजे दोष माणसाचा नाही, बांधणीचा आहे, हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. त्याच लेखातील आगबोटीच्या दाखल्यात तर दुसऱ्याच्या खोलीला भोक पाडणाराही बुडतो. असे लिहून त्यांनी शत्रूलाही श्रोता केले.

पुढे मी वर्गात ते चित्र व २५ नोव्हेंबरचे आकडे शेजारी शेजारी ठेवले. मुलांना म्हटले, शंकर यांना उत्तर द्या, पण चित्रानेच. दोघातिघांनी नेहरूंच्या हातून असूड काढून बाबासाहेबांच्या हाती दोन-दोन दिले! एका मुलीने गोगलगायीच्या पाठीवर कागदांचा इतका ढीग काढला की शंख दिसेनासा झाला. गर्दी मात्र तिने काढलीच नाही. का, म्हणून विचारले तर म्हणाली, ‘सर, त्या हसणाऱ्यांत आपली माणसं कुठं उभी करावी, तेच मला कळंना.’