फारखत

'फारकत' हा शब्द आजच्या मराठीत बहुतेक नवराबायकोच्या ताटातुटीपुरताच उरला आहे. त्याचे मूळ रूप फारखत किंवा फारखती. 'फारिग' म्हणजे मोकळा आणि 'खत' म्हणजे लेख. ऋणकोकडून आपले येणे उरले नाही, असे धनको ज्या कागदावर लिहून देई ती फारखत. मोल्सवर्थच्या कोशात कर्जमुक्तीचा लेख आणि काडीमोडाचा लेख असे दोन्ही अर्थ दिलेले आहेत. लग्नासारखे नाते आणि कर्जासारखे नाते मोडायला एकच कागद लागावा, यात आमच्या पूर्वजांचा विनोद असेल किंवा अनुभव. आम्हाला दुसरी शक्यता अधिक खरी वाटते.

कर्ज कमी रकमेत तोडण्याचा इतिहास लिहिताना साधारणपणे रकमेकडेच लक्ष जाते. आठशेचे पाचशे झाले, लाखाचे पाऊण लाख झाले, अमुक कोटींची माफी झाली. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या मुलखाकडे पाहिले तर मात्र असे दिसते की रक्कम हा या व्यवहाराचा सोपा भाग आहे. अवघड भाग दोन. सूट कोणत्या आकड्यावर दिली, आणि सूट दिल्यानंतर हातात कागद कोणता पडला.

पहिल्या प्रश्नासाठी दामदुपटीचा जुना नियम समजून घ्यावा लागतो. कोणत्याही एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज मागता येणार नाही, हा तो नियम. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तो आहे आणि इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हिंदू ऋणकोच्या बाबतीत तो मानला. ऐकायला हा नियम ऋणकोच्या मोठ्या बाजूचा वाटतो. परंतु त्यात 'एका वेळी' हे शब्द आहेत आणि सावकाराची सारी विद्या त्या दोन शब्दांत मावलेली आहे. समजा, कुणब्याने सवाईने, म्हणजे शेकडा पंचवीस दराने, शंभर रुपये घेतले. चार वर्षांत त्याचे दोनशे झाले आणि दामदुपटीची भिंत आली. तेव्हा सावकार जुने खत फाडतो आणि दोनशे मुद्दलाचे नवे खत लिहून घेतो. आठव्या वर्षी चारशे, बाराव्या वर्षी आठशे. खत एकच राहिले असते तर दोनशेवर काटा थांबला असता.

बाराव्या वर्षी घासाघीस होते. चार शहाणी माणसे मध्ये पडतात, बैलजोडी विकली जाते आणि सावकार आठशेचे पाचशे करून घेतो. तीनशेची सूट! गावात त्याच्या उदारपणाची चर्चाही होते. वस्तुतः त्याने नियमाच्या दोनशेवर तीनशे अधिक घेतलेले असतात. सूट ही नेहमी मागणाऱ्याने मांडलेल्या आकड्यातून दिली जाते, आणि तो आकडा कसा मांडला हे विचारण्याची सोय ऋणकोला क्वचितच असते. खत बदलण्याच्या या रीतीला ग्रामीण भागात 'नवे-जुने करणे' म्हणतात. सावकार मागे पडून सोसायटी आणि बँक आली तरी हा शब्द गेला नाही. मार्चअखेरीस कुणाकडून तरी चार दिवसांचे हातउसने घेऊन जुने पीककर्ज भरायचे आणि लगेच नवे उचलायचे, याला आजही नवे-जुनेच म्हणतात.

हिशेब पाहण्याचा हक्क गमावून कर्जातून सुटणाऱ्यांत केवळ कुणबी नव्हते. खुद्द निजामाचे राज्य त्याच रांगेत उभे होते. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापायी निजामावर कंपनी सरकारचे कर्ज चढत गेले, आणि १८५३च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दोआब व धाराशिव-नळदुर्गचा मुलूख कंपनीकडे लावून द्यावा लागला. हा शेवटचा भाग आजच्या लातूर जिल्ह्याला लागूनचा. त्याच वर्षी दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगासमोर सरकारचे तालुकेच्या तालुके अरब जमादारांकडे आणि सावकारांकडे गहाण पडलेले होते. ते त्याने पुढच्या काळात एकेक करून सोडवले. १८५७मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला. त्याची परतफेड म्हणून १८६०च्या तहाने सुमारे पन्नास लाखांचे कर्ज रद्द झाले, धाराशिव आणि रायचूर दोआब परत मिळाले. अट एवढीच, की इंग्रजांकडेच राहिलेल्या वऱ्हाडाच्या जमाखर्चाचा हिशेब निजामाने मागू नये. पन्नास लाख सोडले आणि वही बंद करून घेतली. सुप्यातल्या सावकाराला यातले काहीही नवे वाटले नसते.

सुप्याचा उल्लेख सहज केलेला नाही. पुणे जिल्ह्यातील या बाजाराच्या गावी १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला आणि तेथून तो उठाव पुणे-नगरच्या गावांत पसरला. चौकशी आयोगाने नोंदवलेली गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. जमावाला प्रामुख्याने पैसा नको होता, खते हवी होती. खते मिळाली आणि जाळली गेली की बहुधा दंगा शमे. सावकाराने ती देण्यास नकार दिला तेथे मारहाण झाली. ज्यांना फारखत कोणी लिहून देत नव्हते त्यांनी ती आगीकडून घेतली, असेही म्हणता येईल. १८७९च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने यातून नेमका धडा घेतला. खताच्या मागे जाऊन न्यायाधीशाने मूळ व्यवहारापासून हिशेब उलगडावा, मुद्दल आणि व्याज वेगळे काढावे, दाव्याआधी सलोखेदाराकडे जावे. शिवाय दिलेल्या पैशाची लेखी पावती आणि दरवर्षीचा हिशेब मागण्याचा हक्क शेतकऱ्याला असावा. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखालील कामावर कित्येक वर्षे काढली.

हा कायदा प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. सोलापूरच्या हद्दीवर तो थांबला, कारण पलीकडे निजामाचा अंमल होता. शिवेच्या एका बाजूच्या शेतकऱ्याला जुन्या खताचा हिशेब उलगडून मागता येत होता आणि दुसऱ्या बाजूच्याला नाही. नांदेड जिल्हा तर आणखी आत. आणि आजच्या लातूर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर ही गावे १९५६पर्यंत बीदरकडे मोडत. निजामाच्या राज्यात एस. केशव अय्यंगारांनी १९२९-३०मध्ये ग्रामीण आर्थिक पाहणी केली, १९३७मध्ये भरुचांचा शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणावरील अहवाल आला आणि त्यानंतर कर्ज-सलोखा व सावकारी नियंत्रणाचे कायदे झाले. म्हणजे मराठवाड्याला हा विचार साठ वर्षे उशिरा मिळाला. पोलीस कारवाईनंतर, हैदराबाद राज्य मोडण्याच्या वर्षीच, १९५६चा शेतकरी ऋणको साहाय्य कायदा आला.

आणीबाणीत महाराष्ट्राने एक पाऊल पुढे टाकले. ऑगस्ट १९७५च्या वटहुकुमाने आणि नंतरच्या कायद्याने अल्पभूधारक, भूमिहीन मजूर, ग्रामीण कारागीर यांची सावकारी कर्जे सरळ रद्द केली; गहाण वस्तू परत करण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने १९७७मध्ये तो कायदा वैध ठरवला. पण ज्या कर्जाला मुळात कागदच नव्हता ते रद्द झाल्याचे सिद्ध कशाने करायचे? लातूरच्या आडतीवर घेतलेली उचल मालाच्या पट्टीतून वळती होते. सालगड्याची उचल पाडव्याला नव्या सालात ओढली जाते. जमिनीचा व्यवहार 'मुदतखरेदी' म्हणून खरेदीखताचाच वेष घेतो. तो कर्जाचा आहे हे फक्त दोघांना आणि गावाला ठाऊक असते. शेवटच्या प्रकारावर २०१४च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने उपाय केला: अवैध सावकारीत गेलेली जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला मिळाला. मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येणार नाही, ही दामदुपटही त्यात आहे.

आता सावकार सोडून बँकेकडे येऊ. २००८ची केंद्राची कर्जमाफी पाच एकरांच्या आतल्या शेतकऱ्याला पूर्ण होती. त्यावरील शेतकऱ्याला 'एकवेळ समझोता': पंचाहत्तर टक्के भरा, पंचवीस टक्के सुटतील, अवर्षणप्रवण जिल्ह्यांत पंचवीस टक्के किंवा वीस हजार, यांपैकी जे अधिक असेल ते. कोरडवाहू आठ एकर आणि बागायती चार एकर यांत श्रीमंत कोण, हे मराठवाड्यात कुणालाही विचारा. योजनेने उलट उत्तर दिले. शिवाय ती थकबाकीदारासाठी होती. हातउसने घेऊन दर मार्चला नवे-जुने करणारा शेतकरी कागदावर नियमित होता, म्हणून तो बाहेर राहिला. २०१७च्या राज्य योजनेत दीड लाखावरची रक्कम आधी भरली तरच दीड लाख सुटत होते. ज्याच्याकडे वरचे भरायला पैसे होते त्याच्याच पदरात सूट पडली. सुटीचा आकडा मोठा असून चालत नाही, तो घेण्याची ऐपत लागते. हे सावकाराच्या ओसरीवरही खरे होते, कारण तेथेही पाचशे रोख मोजावे लागत.

२००८च्या योजनेवर महालेखापरीक्षकांचा अहवाल २०१३मध्ये आला. अपात्रांना लाभ, पात्र वगळले गेले, नोंदींत खाडाखोड, या गोष्टींची चर्चा झाली. आम्हाला त्यातली एक कमी गाजलेली बाब महत्त्वाची वाटते. बँकेने कर्जमाफीचे प्रमाणपत्र शेतकऱ्याला द्यावे आणि त्याची पोच घ्यावी, असा नियम होता. तपासलेल्या लाभार्थी खात्यांपैकी सुमारे एक तृतीयांश खात्यांत ते दिल्याचा पुरावा सापडला नाही. पैसे सरकारने दिले, खाते बंद झाले, आणि ज्याचे कर्ज होते त्याच्या हाती फारखत नव्हती.

ही कागदोपत्री किरकोळ उणीव नाही. कर्ज घेताना सातबाऱ्याच्या इतर हक्कांत 'बोजा' चढतो. कर्ज फिटल्याने तो आपोआप उतरेल असा भरवसा धरता येत नाही. बँकेचा बेबाकी दाखला तलाठ्याकडे न्यावा लागतो, फेरफार व्हावा लागतो. बेबाकी म्हणजे बाकी नसलेला; फारखतीचाच हा फार्सी भाऊ, मराठवाड्याच्या बँकांतून अजून वावरणारा. तो दाखला नसेल तर मुलाला वाटणीत आलेल्या जमिनीवर बापाचे फिटलेले कर्ज तसेच बसून राहते. त्यात आता सिबिलची भर पडली आहे. पूर्ण फेडलेले खाते तेथे 'बंद' म्हणून दिसते, कमी रकमेत तोडलेले 'तडजोड' म्हणून. वसुलीवाला फोनवर सुटीचा आकडा सांगतो, हा दुसरा शब्द सांगत नाही. म्हणून तोंडी कबुलीवर पैसे भरू नयेत. रक्कम, मुदत आणि 'यापुढे येणे नाही' हे वाक्य बँकेच्या लेखी पत्रात आधी मिळवावे आणि मग भरणा करावा. सुप्याच्या शेतकऱ्याला हे सांगण्याची गरज नव्हती.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३मध्ये बँकांना आदेश दिला की वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यावर किंवा तडजोडीने मिटल्यावर तीस दिवसांच्या आत मूळ कागदपत्रे परत करावीत आणि नोंदवलेला बोजा काढावा. बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवसाला पाच हजार रुपये ऋणकोला द्यावेत. १ डिसेंबर २०२३पासून तो लागू आहे. फारखत वेळेवर न दिल्याबद्दल धनकोने ऋणकोला पैसे मोजायचे, असा नियम या मुलखाच्या वह्यांत पूर्वी कुठे लिहिलेला आमच्या पाहण्यात नाही. नांदेड-लातूरकडे ज्यांचे असे कर्ज डिसेंबर २०२३नंतर मिटले असेल त्यांनी आपला सातबारा एकदा काढून इतर हक्कांचा रकाना पाहावा, आणि बोजा दिसला तर दिवस मोजावेत.