अंगावर काढलेला ताप

मराठीत 'आजार अंगावर काढणे' असा एक वाक्प्रचार आहे. दुखणं आहे हे ठाऊक असतं, पण डॉक्टरकडे जायचं नाही, कामही सोडायचं नाही, आपोआप बरं होईल म्हणून दिवस ढकलायचे. आपल्याकडे हे थोड्या कौतुकानंही सांगितलं जातं. "आजीने कधी गोळी घेतली नाही, सगळं अंगावर काढलं." सध्या इथे थंडी आहे, घराघरांत फ्लू आहे, आणि "दहा दिवस झाले, खोकला जात नाही, डॉक्टरकडे जावं का?" हा प्रश्न प्रत्येक फोनवर ऐकू येतो. आज त्याच प्रश्नासाठी आपण शंभर वर्षं मागे, मुंबईला जाणार आहोत.

वर्ष १९१८, महिना जून. १० तारखेला मुंबईत पोलिसांच्या रुग्णालयात सात शिपाई तापाने दाखल झाले. ताप मलेरियाचा नव्हता. त्यांतला एक जण गोदीवर कामाला होता. मग गोदी कामगार, जहाज कंपन्यांचे कारकून, गिरण्या, बँका असा ताप शहरभर पसरत गेला. मुंबईचे आरोग्य अधिकारी डॉ. टर्नर यांचं म्हणणं होतं की हे दुखणं जहाजातून आलं. सरकारला ते मान्य नव्हतं. हा वाद चालू असतानाच जुलैत साथ ओसरली. लोक तीनचार दिवस तापाने फणफणले आणि बहुतेक उठून कामाला लागले. थोडी कणकण, अंगदुखी, संपलं. असंच सगळ्यांना वाटलं.

सप्टेंबरात ती परत आली आणि या वेळी माणसं मरू लागली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, धान्य महागलं होतं, युद्ध चालू होतं. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसं गेली. अख्ख्या हिंदुस्थानाचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत आहेत. आजच्या भारताच्या भूभागाची लोकसंख्या ज्या एकाच दशकात घटली, ते १९११ ते १९२१ हे दशक. आणि गेलेल्यांत म्हातारे आणि तान्ही मुलंच नव्हती. वीस ते चाळीस वयाची, घर चालवणारी माणसं मोठ्या संख्येने गेली.

आता आपल्या प्रश्नाशी जोडलेली गोष्ट. ही माणसं नेमकी कशाने गेली? २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी १९१८ मध्ये मरण पावलेल्या ५८ सैनिकांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले, शिवाय त्या काळातले हजारो शवविच्छेदनांचे अहवाल वाचले. उत्तर असं निघालं की बहुतेकांच्या बाबतीत फ्लूच्या विषाणूने फुप्फुसांचं दार उघडून दिलं आणि मागून आलेल्या जिवाणूंनी न्यूमोनिया केला. मृत्यू बरेचदा पहिल्या दोनतीन दिवसांत नव्हे, आठवड्या-दहा दिवसांच्या सुमाराला झाले. म्हणजे घरचे "आता चार दिवस झाले, उतारा पडेल" असं म्हणत असताना दुखणं आतल्या आत बदललेलं होतं.

मग ते वेळेवर रुग्णालयात का गेले नाहीत? खरं सांगायचं तर गेले असते तरी फार काही हाती लागलं नसतं. खाटा नव्हत्या, अनेक डॉक्टर युद्धावर होते, आणि न्यूमोनियावर औषधच नव्हतं. पण आणखी एक कारण होतं, आणि ते वीस वर्षं जुनं होतं.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. मांडवी भागात डॉ. अकासिओ विएगस यांनी तो ओळखला. पुढे सरकारने घरात घुसून तपासण्या केल्या, रुग्णांना उचलून नेलं. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. आजचं कस्तुरबा रुग्णालय ते हेच. पुण्यात काय झालं ते आपण शाळेत शिकलो आहोत. रँडवर २२ जून १८९७ च्या रात्री गोळी झाडली गेली. याच प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या, हेही लक्षात ठेवायला हवं. रुग्णालय म्हणजे जिथे माणूस जातो आणि परत येत नाही, ही भीती त्या वर्षांत घराघरांत मुरली. ती वेडगळ नव्हती, अनुभवातून आलेली होती. माझ्या मते 'अंगावर काढणे' या आपल्या सवयीत तिचा थोडा तरी अंश उरला आहे. बाकीचा अंश अर्थातच खर्चाचा आणि बुडणाऱ्या रोजाचा.

पुढची गोष्ट मात्र आपल्या इथली, लंडनची. १९१८ मध्ये जगभरातले डॉक्टर फ्लूचं कारण म्हणून एका जिवाणूकडे बोट दाखवत होते आणि ते चुकीचं होतं. माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा वेगळा काढला तो १९३३ मध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या तिघांनी. त्यांनी प्रयोग केले फेरेटवर, म्हणजे आपल्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका लांबट प्राण्यावर. माणसासारखाच त्यालाही फ्लू होतो आणि तो शिंकतोही! त्याआधी पाच वर्षं, १९२८ मध्ये, पॅडिंग्टनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिन सापडलं होतं. या दोन शोधांतून आजचा नियम निघतो: फ्लू विषाणूचा, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. मागून येणारा जिवाणूंचा न्यूमोनिया मात्र अँटिबायोटिकने बरा होतो, वेळेत कळला तर.

म्हणून भारतातून येताना बॅगेत आणलेला 'पाच दिवसांचा कोर्स' तिसऱ्या दिवशी सुरू करू नका. फ्लूला तो लागू पडत नाही, आणि पुढे खरंच न्यूमोनिया झाला तर डॉक्टरांनाही गोंधळात पाडतो. हे मी जरा चिडूनच सांगतो आहे, कारण आपल्यातल्या सुशिक्षित घरांतसुद्धा हे सर्रास चालतं.

मग जायचं कधी? ताप साधारण तीन ते पाच दिवसांत उतरतो. खोकला आणि गळून गेल्यासारखं वाटणं दोनेक आठवडे राहू शकतं, तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. दिवस मोजा, पण त्याहून जास्त दुखण्याची दिशा बघा. रोज थोडं थोडं बरं वाटत असेल तर घरी थांबा, पाणी प्या, पेज घ्या, झोपा. सात दिवसांनंतरही उतारा नसेल तर जीपीला किंवा १११ ला फोन करा. आणि ताप उतरला, एखाददोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा ताप चढला आणि खोकला वाढला, तर सात दिवस पुरे होण्याची वाट बघू नका. १९१८ मधलं ते वळण हेच.

काहींनी तर पहिल्या दोन दिवसांतच फोन करायचा आहे: पासष्टच्या पुढचे, गरोदर बायका, मधुमेह, दमा, हृदयाचं किंवा किडनीचं दुखणं असलेले. विषाणूवरचं औषध ४८ तासांच्या आत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं. आपल्यात मधुमेह किती घरांत आहे हे मी सांगायला नको. लहान मुलाचं लक्षण ठीक वाटत नसेल तरीही लगेच विचारा.

धाप लागणं, एकाएकी छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त पडणं, माणूस भ्रमिष्टासारखं बोलणं, नीळ चढणं, यांपैकी काहीही दिसलं तर थेट ९९९. नीळ चढण्याबद्दल एक सांगतो. १९१८ च्या डॉक्टरांनी रुग्णांचे चेहरे जांभळट पडल्याचं वारंवार लिहून ठेवलं आहे. आपल्या सावळ्या कातडीवर ती चटकन दिसत नाही. ओठ, जीभ, तळहात आणि तळपाय उजेडात नीट बघा.

शेवटी, भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांबद्दल. "तुम्हाला खर्च नको" म्हणून ते ताप लपवतात, स्वेटर चढवून स्वयंपाकघरात उभे राहतात. त्यांना सांगा की इंग्लंडमध्ये जीपीला दाखवण्याचे पैसे पाहुण्यांनाही पडत नाहीत, आणि अपघात विभागात, म्हणजे ए अँड ई मध्ये, होणारे उपचारही मोफत असतात. दाखल व्हावं लागलं तर मात्र बिल येऊ शकतं, त्यासाठी प्रवासाचा विमा येण्याआधीच काढून ठेवावा. तापमापक त्यांच्या खोलीत ठेवा आणि सकाळ-संध्याकाळचे आकडे कॅलेंडरवर लिहायला सांगा. १११ वर पहिला प्रश्न बहुधा "किती दिवस?" हाच येतो, आणि अंगावर काढणाऱ्या माणसाला त्याचं उत्तर कधीच नीट आठवत नाही.

ताप उतरला आणि तीन आठवड्यांनंतरही खोकला तसाच असेल, तर तो फ्लूचाच उरलेला आहे असं धरून चालू नका, जीपीला दाखवा. पुढच्या भागात डॉ. विएगस आणि मांडवीच्या प्लेगची गोष्ट सविस्तर ऐकू या. तोवर नमस्कार.