आशाताई तिसऱ्या दिवशी का येते?

ज्यांना इअरफोन लावून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'बरं का' थोडे कमी केलेत, बाकी तेच आहे.

तुमच्या घरी, नाहीतर शेजारी, इतक्यात बाळ झालं असेल तर एक गोष्ट नक्की पाहिली असेल. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की तिसऱ्या दिवशी आशाताई दारात. पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ. ती बाळाचं वजन करते, ताप बघते, श्वास मोजते, दूध नीट ओढतं का ते विचारते. मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी परत येते. आपल्याला वाटतं, सरकारी काम आहे, फॉर्म भरायला येत असेल. पण या फेऱ्या दिल्लीत बसून कोणाला सुचल्या नाहीत. त्यांच्या मुळाशी आपल्या गडचिरोलीतली गावं आहेत.

थोडं मागे जाऊ. 1982 पर्यंत गडचिरोली हा चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. त्या वर्षी 26 ऑगस्टला तो वेगळा झाला. जंगल, नद्या, पावसाळ्यात तुटणारे रस्ते. पर्लकोटेला पूर आला की भामरागड आजही जगापासून तुटतं, तर तेव्हा काय असेल! 1986 मध्ये डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग इथे आले आणि त्यांनी 'सर्च' ही संस्था सुरू केली. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले हे दोघं. आता चातगावजवळ त्यांचं शोधग्राम आहे. दवाखाना कसा हवा, हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, सोबतच्या नातेवाइकांना राहायला जागा नसते, असं लोक म्हणाले. म्हणून तिथे झोपड्यांसारखा दवाखाना उभा राहिला आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव मिळालं.

पहिलं मोठं काम राणीताईंचं. वसा आणि अमिर्झा या दोन गावांत त्यांनी 650 बायकांची तपासणी केली. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. एकेकीला सरासरी 3.6 आजार. आणि यापूर्वी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. 1989 मध्ये हे 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तोवर 'बायकांचं आरोग्य' म्हणजे गरोदरपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच धरलं जायचं. बाईला मूल होण्यापलीकडेही शरीर असतं, हे आकड्यांनी सांगावं लागलं. आपल्या आज्या 'अंगावरून जातं' म्हणत वर्षानुवर्षं गप्प बसल्या, त्याचं कारण इथे सापडतं.

मग लहान मुलांचा न्यूमोनिया. गावाकडे ज्याला डबा म्हणतात, तोच. औषध स्वस्त होतं, अडचण ओळखण्याची होती. बाळाचा श्वास एका मिनिटात किती वेळा होतो हे मोजायचं, पण गावातल्या ज्या दायांनी ते करायचं त्यातल्या अनेकींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं. यावर काढलेला उपाय मला फार आवडतो. लाकडी पाटीवर मणी आणि सोबत एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात, तर न्यूमोनिया. अक्षरओळख नसलेली बाई निदान करू लागली! 1990 मध्ये निकाल आले. ज्या गावांत हे उपचार झाले तिथे न्यूमोनिया झालेल्या शंभर मुलांत एकही मृत्यू पुरता भरत नव्हता, प्रमाण होतं 0.8 टक्के. बाकीच्या गावांत तेच 13.5 टक्के.

तरीही बाळं जातच होती, आणि बहुतेक पहिल्या महिन्यातच. डॉ. अभय बंग एक प्रसंग नेहमी सांगतात. एका संध्याकाळी बाळ त्यांच्याकडे आणलं गेलं आणि तपासता तपासता गेलं. त्या एका मृत्यूमागची कारणं त्यांनी लिहून काढली, ती 18 निघाली. गरिबीपासून दवाखान्याच्या अंतरापर्यंत. अठराही कारणं दूर व्हायची वाट बघितली तर पिढ्या जातील. मग बाळ दवाखान्यात येत नसेल, तर दवाखाना बाळाच्या घरी नेता येईल का?

आधी मोजणी झाली. 1995-96 मध्ये 39 गावांतल्या 763 नवजात बाळांना घरी जाऊन पाहिलं. निम्म्याहून जास्त बाळांना उपचारांची गरज होती. डॉक्टर बघायला मिळाला किती जणांना? 2.6 टक्के. मग गावातल्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायचा, कमी वजनाच्या बाळाला उबदार झोळीत ठेवायचं, जंतुसंसर्ग झाला तर जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं. इंजेक्शन, ते पण चार दिवसांच्या बाळाला, आणि देणारी कोण, तर सातवी पास बाई! भुवया उंचावणं साहजिक होतं. पण जंतुसंसर्ग झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर आलं. हजार जन्मांमागे पहिल्या महिन्यात 62 बाळं जात होती, ती तिसऱ्या वर्षी 25.5 वर आली. डिसेंबर 1999 च्या 'लॅन्सेट'मध्ये हे सगळं छापलं गेलं.

इथे एक गोष्ट मला अजूनही टोचते. 39 गावांशी तुलना करायला 47 गावं बाजूला ठेवली होती. तिथे नेहमीच्या सरकारी सेवा होत्या, पण आरोग्यदूत नव्हत्या. तिथला बालमृत्यूचा आकडा जवळपास होता तिथेच राहिला. त्या गावांतल्या आयांनी काय म्हणावं? दुसरीकडे हेही खरं, की ती गावं नसती तर टीकाकार म्हणाले असते, 'पाऊस चांगला झाला, पिकं आली, म्हणून बाळं वाचली.' त्या 47 गावांच्या आकड्यांशिवाय 39 गावांचं यश म्हणजे नुसतं सांगोवांगी. आपल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर रोज येतं ना, 'अमक्याच्या काढ्याने बरं वाटलं', त्यात नेमका हाच भाग नसतो. काढा न घेतलेल्यांचं काय झालं, ते कोणी मोजलेलं नसतं.

बरं, पुढचं पटकन सांगतो. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने नवजात बाळांसाठी घरभेटींची शिफारस केली. 2011 मध्ये भारत सरकारने आशांमार्फत ही पद्धत देशभर आणली. सगळं जसंच्या तसं आलं नाही. भेटी आल्या, वजनकाटा आला, पण इंजेक्शन आशाच्या हातात दिलं गेलं नाही, ते नर्सबाईंकडेच राहिलं. आणि सुरुवातीला आशाताईंना एका बाळाच्या सगळ्या भेटींचे मिळून 250 रुपये ठरले होते. म्हणजे एका भेटीचे चाळीसेक रुपये. एवढ्या मोठ्या संशोधनाचं शेवटचं टोक जिच्या हातात आहे, तिला आपण किती देतो, ते तुम्हीच बघा.

मी चंद्रपूरचा. हा भाग तयार करताना आमच्या वॉर्डातल्या एका आशाताईंना विचारलं, या फेऱ्या कुठून सुरू झाल्या माहीत आहे का? त्या म्हणाल्या, 'ट्रेनिंगमध्ये सांगितलं असल भाऊ, पण मले तर एवढंच माहीत आहे का तिसऱ्या दिवशी गेलं पायजे. पोरगं थंडं पडलं असल तर तवाच समजते.'

पुढच्या भागात सिकलसेलबद्दल बोलू. तुमच्या कॉलेजात रक्ततपासणीचा कॅम्प झाला असेल आणि तुम्हाला पिवळं किंवा लाल कार्ड मिळालं असेल, तर त्याचा अर्थ तुम्हाला कोणी नीट समजावून सांगितला का, ते मला नक्की कळवा.