द्वेषाचे शब्द आणि दंडविधान



आंतरजालावरील विद्वेषाला लगाम कसा घालावा, हा प्रश्न नवा वाटतो. पण ज्या कायद्याने आपण तो घालू पाहतो, त्यातले शब्द सव्वाशे वर्षांचे जुने आहेत. ते कोणी आणि कशासाठी घडवले, हे पाहिल्याखेरीज त्या कायद्याचे बळ कळणार नाही, आणि दुबळेपणही कळणार नाही.

१८९७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. दंडविधानाच्या १२४ अ कलमात ‘अप्रीती’ हा शब्द होता. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला त्याचा अर्थ सांगितला, तो असा की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. म्हणजे सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा! टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, सरकारने त्या कलमात ‘द्वेष’ आणि ‘तिरस्कार’ हे शब्द घातले. आणि त्याच दुरुस्तीतून प्रजेच्या दोन वर्गांत वैर पसरवण्याविरुद्धचे १५३ अ हे कलम जन्मास आले. राज्यकर्त्याचा मान राखणारे कलम आणि प्रजेतील सलोखा राखणारे कलम ही अशी एका घरातली भावंडे आहेत.

या दुसऱ्या कलमाची कसोटी लाहोरला लागली. तेथे १९२४ साली निघालेल्या एका पुस्तिकेने मुसलमानांच्या श्रद्धेवर आघात केला. १९२७ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने प्रकाशकाला निर्दोष सोडले. दिवंगत धर्मपुरुषावरील टीका १५३ अ मध्ये बसत नाही, असा निर्णय दिला. त्यावर मोठा क्षोभ उसळला आणि त्याच वर्षी २९५ अ हे कलम आले. तरीही १९२९ मध्ये त्या प्रकाशकाचा खून झालाच. कलम वाढले, पण मनातले विष उतरले नाही.

स्वातंत्र्यानंतर, १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांच्या यादीत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ आणि ‘गुन्ह्यास चिथावणी’ हे शब्द घातले; पण निर्बंध ‘वाजवी’ असला पाहिजे, अशी अटही घातली. ही अट पुढे फार मोलाची ठरली.

२००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६ अ कलम आले. त्रास, गैरसोय, अपमान अशा सैल शब्दांवर तीन वर्षांपर्यंत कैद! नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न केला, तिच्या मैत्रिणीने त्याला पसंती दिली, आणि दोघींना अटक झाली. स्ट्रॅचीसाहेबांची अप्रीती जणू नव्या वेषात परत आली होती. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द केले. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन पायऱ्या निरनिराळ्या आहेत. तिसऱ्या पायरीवरच शासनाने हात घालावा, असा त्या निकालाचा गाभा होता. तरी पोलीस ठाण्यांतून मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदले जातच राहिले. २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले.

मग शब्दांपासून धोका नाहीच काय? आहे, आणि तो भयंकर आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भटक्या जमातीच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होती. छापील पत्रकावर मुद्रकाचे नाव असे. १८६७ च्या कायद्याने ते बंधनकारक होते. या अफवेला ना मुद्रक, ना प्रकाशक. हात मात्र असंख्य. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचांपलीकडे पुढे धाडण्यास आडकाठी केली. मजकुराला हात न लावता वेगाला बांध घातला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. १५३ अ आता १९६ वे कलम आहे आणि त्यात इलेक्ट्रॉनिक माध्यमाचा स्पष्ट उल्लेख आहे. पण कलमाचा आकडा बदलल्याने कायद्याची नजर बदलत नाही. पालघरला दुखावलेल्यांच्या तक्रारीवरून कायदा तत्परतेने धावला. राईनपाड्याला तो पोचला तेव्हा पाच प्रेते पडली होती. कोणाचे मन दुखावले, हे कायद्याने विचारण्याआधी कोणाचा जीव धोक्यात आला, हे विचारावे. मन दुखावलेल्यांचा आवाज मोठा असतो. राईनपाड्याच्या त्या पाचांना आवाजच नव्हता.